युद्ध चालू असताना सरकारवर टीका केल्याने सैनिकांचं मनोधैर्य खचत नाही का? प्रश्न युद्ध संपल्यावर विचारता येणार नाहीत का?

नाही, खचत नाही. आणि "नंतर विचारा" म्हणणाऱ्यांना नंतरही कुणी विचारलेलं चालत नाही, असाच आपला अनुभव आहे. १९६२ च्या चीन युद्धाचं उदाहरण देतो, कारण प्रश्न दाबले की त्याची किंमत कोण मोजतं हे तिथे उघड दिसतं.

लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे आपल्या कोल्हापूरकडचे. ते पूर्व विभागाचे प्रमुख होते. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, कसा उतरेल आणि त्याला कुठे अडवावं लागेल याचा आराखडा त्यांनी १९५९ मध्येच मांडला होता. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तोच धोका पुन्हा दाखवून दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही. १९६१ मध्ये थोरात सरसेनापती होतील अशी अपेक्षा होती, त्यांना डावलून थापर यांची नेमणूक झाली.

पुढच्या वर्षी नेफाच्या सीमेवरच्या थागला डोंगरावरून चिनी सैन्याला हुसकावण्याचा आदेश निघाला, तेव्हा रसद नाही, तोफा नाहीत, रस्ता नाही असं कोअर कमांडर उमराव सिंग सांगत होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती जबाबदारीच त्यांच्याकडून काढून नव्या चौथ्या कोअरकडे दिली आणि प्रमुख म्हणून जनरल कौल यांना बसवलं. १० ऑक्टोबरला त्सेंग जोंगला ९ पंजाबच्या तुकडीवर जोरदार हल्ला झाला. शत्रूची ताकद किती आहे हे त्या दिवशी कौल यांनी स्वतः पाहिलं. ते दिल्लीला परतले, पंतप्रधानांच्या घरी रात्री बैठक झाली, तरी तिथली सातवी ब्रिगेड मागे घेतली गेली नाही. १२ ऑक्टोबरला नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपला प्रदेश मोकळा करण्याचे आदेश सैन्याला दिले आहेत. एवढं जाहीर बोलून झाल्यावर माघार कोण घेणार?

आणि नामका चू नदीच्या काठी सातवी ब्रिगेड खालच्या अंगाला, चिनी वरच्या धारेवर. सुती गणवेश, कॅनव्हासचे बूट, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली आणि मोजकी काडतुसं. विमानातून टाकलेल्या सामानातलं बरंचसं दऱ्यांत जाऊन पडायचं. २० ऑक्टोबरला पहाटे हल्ला झाला आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दोन दिवसांनी तिचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी कैद झाले. त्या युद्धात सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले आणि सुमारे चार हजार कैदी झाले. त्या नदीकाठी कुणाचं मनोधैर्य कुण्या टीकाकाराने खच्ची केलं नव्हतं. जागाच चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे सांगणाऱ्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न, युद्ध चालू असतानाचा. त्याच युद्धात, लढाई सुरू असतानाच, संसद बसली. अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेतले तरुण खासदार. अधिवेशन तातडीने बोलवा ही त्यांची मागणी नेहरूंनी मान्य केली आणि ८ नोव्हेंबरला ते सुरू झालं. त्याआधी मेनन यांना जावं लागलं होतं, तेही मुख्यतः काँग्रेसमधल्याच खासदारांच्या रेट्यामुळे. सभागृहात सरकारला उघड उघड धारेवर धरलं गेलं. नेहरूंच्या चुका मी वर लिहिल्याच आहेत, पण हे त्यांचं मोठेपण मान्य केलंच पाहिजे. त्या चर्चेने जवान ढिले पडले का? त्याच महिन्याच्या १८ तारखेला लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतान सिंग यांची १३ कुमाऊंची कंपनी लढली. सुमारे १२० पैकी ११० हून अधिक जण तिथेच पडले. त्यांचे गोठलेले देह पुढच्या फेब्रुवारीत सापडले, काहींच्या हातात शस्त्रं तशीच होती.

सैन्य कुठे उभं आहे, कुठून हलतंय, हे युद्धात कुणी चव्हाट्यावर मांडू नये. तेवढी मर्यादा मला मान्य आहे. पण बूट का नाहीत, हा आदेश कुणाच्या सल्ल्याने दिला, हे विचारल्याने शत्रूला नवं काहीच कळत नाही. त्याला ते समोर दिसत असतं.

आता "नंतर विचारा" बद्दल. १९६२ च्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली, अहवाल १९६३ मध्ये दिला. तो सरकारने आजवर जाहीर केलेला नाही. सत्तेत पक्ष बदलत गेले, अहवाल बंदच राहिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितलं की त्यातला मजकूर आजही संवेदनशील आहे. याउलट कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीचा अहवाल काही भाग वगळून फेब्रुवारी २०००मध्ये संसदेत मांडला गेला. त्यावर चर्चा झाली, सुरक्षा व्यवस्थेत बदल सुचवले गेले. पुढे आलेलं संरक्षणदल प्रमुखांचं पद त्याच प्रक्रियेतून निघालं, जरी त्याला दोन दशकं लागली. देशाचं त्यात काय बिघडलं?

अजून एक गोष्ट लोक विसरतात. सैनिक स्वतः बोलू शकत नाही. घटनेचं कलम ३३ आणि १९५० चा सैन्य कायदा यांनी त्याला वर्तमानपत्रांत बोलण्यावर, संघटना करण्यावर बंधनं घातली आहेत, आणि शिस्तीसाठी ती हवीतच. पण मग त्याच्या वतीने कोण बोलणार? २०२० मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालाने सियाचेनसारख्या ठिकाणच्या जवानांना बर्फातले कपडे, गॉगल, बूट वेळेवर मिळाले नाहीत हे दाखवलं. ते लिहिणारे लेखापरीक्षक होते, जवान नव्हेत.

निवृत्तीनंतरही तेच चालतं. सेवेत अपंगत्व आलेल्या जवानाला निवृत्तिवेतन देताना "हे सेवेमुळे झालं नाही" असं म्हणून दावा फेटाळला जायचा. भरतीच्या वेळी तो ठणठणीत होता आणि तशी काही नोंद नव्हती, तर दुखणं सेवेतलंच धरलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात सांगितलं. तरीही अशा निकालांविरुद्ध सरकारची अपिलं चालूच राहिली, इतकी की मनोहर पर्रीकरांना २०१५ मध्ये ती कमी कशी करायची यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली.

म्हणून सैनिकांवरचं प्रेम मोजायचं असेल तर घोषणा किती मोठ्याने दिली हे बघू नका. तुमच्या खासदाराला एक पत्र लिहून विचारा की हेंडरसन ब्रूक्स अहवाल खुला करायची मागणी तुम्ही कधी केली, आणि अपंग जवानांविरुद्धची अपिलं अजून किती उरली आहेत.