जुन्या नाशिकच्या बाजारपेठेसाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी का? पैसा नेमका जातो कुठे?

तुमचा भांडी बाजारात वडिलोपार्जित गाळा आहे, तो भाड्याने दिलाय आणि तुम्ही राहता गंगापूर रोडला. जुन्या बाजारपेठेसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने तुमच्याकडे २५ हजारांची देणगी मागितली आहे. ‘अमेरिकेत अशाच संस्थांनी शहरांचे मध्यभाग सावरले’ असं कार्यकर्ते सांगून गेले, म्हणून तुम्ही विचारताय की या संस्था करतात काय आणि पैसा मुरतो कुठे. मी अशाच एका लहान संस्थेचा सहा वर्षं खजिनदार होतो. अध्यक्ष, सचिव फोटोत असायचे. मी पावती पुस्तकं सांभाळायचो. त्यामुळे हे उत्तर हिशेबाच्या बाजूने आहे, थोडं रुक्ष वाटेल.

अमेरिकेचं आधी उरकतो, कारण गल्लत तिथेच होते. तिकडच्या ज्या संस्थांचा दाखला दिला जातो त्यांतल्या बऱ्याच वर्गणीवर चालतच नाहीत. बाजाराची हद्द आखतात, त्या हद्दीतल्या मालमत्तांवर जादा आकारणी बसते, नगरपालिका ती वसूल करते आणि रक्कम संस्थेच्या हाती देते. ‘देऊ का नको’ हा प्रश्नच मालकापुढे उरत नाही. ही पद्धत मुळात कॅनडातली. टोरांटोच्या ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात भुयारी रेल्वे आणि नवे मॉल यांच्यामुळे रस्त्यावरचं गिऱ्हाईक आटलं, तेव्हा १९७० मध्ये ती सुरू झाली. दुसरा प्रकार ‘मेन स्ट्रीट’ चळवळीचा. अमेरिकेत १९८० पासून ती देशभर पसरली. जुन्या इमारती न पाडता बाजार चालता ठेवायचा, हे तिचं सूत्र. तिथे देणग्या, सभासद वर्गणी, पालिकेचं अनुदान आणि उत्सवांचं उत्पन्न अशी सगळी गोधडी शिवून वर्ष काढतात. आपल्याकडे घरपट्टीच्या बिलात बाजाराची वर्गणी लावून ती संस्थेला देण्याची सोय नाही. म्हणून नाशिकची संस्था फार तर दुसऱ्या प्रकारची असते, आणि त्या गोधडीतही अनुदानाचं ठिगळ बहुधा नसतं.

आता काम. लोकांना दिसतं ते मेनरोडची दिवाळीतली रोषणाई, एखादी वाड्यांची हेरिटेज फेरी, सरकारवाड्याच्या आसपास झालेली चित्रं-बित्रं. मी याला नावं ठेवत नाही. रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे रंग खेळायचे दगडी हौद, पाहायला कॉलेज रोडची पोरं जुन्या गावात येतात, तेव्हा त्यांतली चार दहीपुलावर काहीतरी विकत घेतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाजार टिकतो तो दुसऱ्याच कामावर. आमच्याकडे एक पगारी मुलगा होता. तो रोज सकाळी रविवार कारंज्यापासून सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल असा फिरायचा. कुठला दिवा बंद आहे, कुठलं चेंबर तुंबलंय, कुणाच्या दुकानापुढे मलब्याचा ढीग पडलाय, हे वहीत लिहायचा, तक्रार नोंदवायचा, तक्रारीचा क्रमांक घ्यायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचा. या शेवटच्या फोनसाठीच त्याचा पगार होता म्हणा ना. दुकानदाराला तक्रार करता येत नाही असं नाही, पण गिऱ्हाईक सोडून पाठपुरावा कोण करणार?

पावसाळ्याचं कामही तसंच. गोदावरीचं पाणी किती चढलंय हे नाशिककर अजून नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, पण बाजाराला धास्ती नदीइतकीच सरस्वती नाल्याची. ऑगस्ट २०१६ च्या पुरात सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरलं, त्यानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. धरणातून विसर्ग वाढल्याचं कळलं की त्या मुलाने सगळ्या दुकानांना फोन करायचे आणि खालच्या फळीवरचा माल वर घ्यायला लावायचा. याचा खर्च म्हणजे एका मोबाइलचं रिचार्ज. फोटो काढण्यासारखं यात काहीच नाही.

हातगाडीवाले आणि दुकानदार यांचं भांडण हा तिसरा विषय. त्यावर लिहायला बसलो तर रात्र होईल, म्हणून एवढंच: २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या आणि किमान १० टक्के स्वयंसेवी संस्थांच्या असतात. बाजाराची संस्था नुसती ‘अतिक्रमण हटवा’ म्हणून निवेदनं देत असेल आणि त्या समितीकडे ढुंकूनही बघत नसेल, तर ती दुकानदारांची संघटना आहे, बाजाराची नाही. फुलांची गाडी गेली तर देवळात येणारं गिऱ्हाईकही त्या रस्त्याने यायचं कमी होतं.

पैशाचं गणित मांडून दाखवतो. समजा १२० दुकानदारांनी महिना ३०० रुपये कबूल केले. कागदावर वर्षाचे ४ लाख ३२ हजार झाले. प्रत्यक्षात ७० जणांनी दिले तर हातात येतात २ लाख ५२ हजार. पगारी माणूस १६ हजारांचा धरला तर १ लाख ९२ हजार त्यातच जातात. उरलेल्या ६० हजारांत ऑडिट, वीज, फोन, छपाई. रोषणाईची एक माळही यात बसत नाही. म्हणून संस्था प्रायोजकांकडे वळतात, आणि मजा तिथून सुरू होते.

प्रायोजक वस्तू देतो, पगार देत नाही. एका कंपनीने आम्हाला बाकडी दिली, प्रत्येकावर कंपनीच्या नावाची पाटी. दोन पावसाळ्यांनंतर पाट्या शाबूत आणि बाकडी मोडलेली. दुरुस्तीला पैसे मागायला गेलो तर म्हणाले, दुरुस्ती आमच्या योजनेत बसत नाही, हवी तर नवी बाकडी देतो. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते आणि ऐतिहासिक वास्तूंची डागडुजी त्या यादीत आहे. पण सातपूर-अंबडच्या कारखान्याला गावातल्या गटारापेक्षा पाड्यावरची शाळा दाखवायला सोपी पडते, आणि खरं सांगायचं तर त्या शाळेची गरजही मोठी असते. शिवाय ‘प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर नको’ हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकायला मिळतं. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या पगाराला नाही. हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा.

मग उत्सव करून कमवू असा विचार येतो. आम्हीही केला. स्टॉल लावले, जाहिराती घेतल्या, चार पैसे सुटले. वर्षअखेरीला आमच्या सीएने डोक्याला हात लावला. बाजार सुधारणेसारखं काम आयकराच्या भाषेत ‘सार्वजनिक उपयोगिता’ या खात्यात मोडतं, आणि त्या खात्यातल्या संस्थेची व्यापारी स्वरूपाची जमा एकूण जमेच्या २० टक्क्यांवर गेली की त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. स्टॉलचं भाडं तिथेच धरलं जातं. म्हणजे जास्त कमावलं तर अडचण, कमी कमावलं तर पगार नाही. सावाना, म्हणजे आपलं १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय, स्वतःची वास्तू आणि नाट्यगृह राखून आहे. बाजाराच्या संस्थेकडे स्वतःचं असं बहुधा एक कपाट असतं.

आता तुमच्या २५ हजारांकडे येतो. संस्थेकडून मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद आणि आय-व्यय पत्रकं मागा. विश्वस्त संस्थेला हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात दाखल करावेच लागतात, तेव्हा ‘अजून तयार नाहीत’ हे मागच्या वर्षाबद्दल एक वेळ ऐकून घ्या, तिन्ही वर्षांबद्दल नको. विश्वस्त बदलले असतील तर बदल अर्ज दिलाय का, हेही विचारा; जुन्या गावातल्या कित्येक संस्थांच्या कागदावर अजून आजोबाच विश्वस्त असतात.

ताळेबंद हातात आला की बँक शिलकीकडे पाहून हुरळून जाऊ नका, आणि ‘यांच्याकडे तर ११ लाख पडलेत’ म्हणून चिडूही नका. डावीकडची निधीची बाजू वाचा. त्या ११ लाखांतले ७ लाख कायम निधी असेल तर त्याला हात लावायचा नसतो, व्याजावर भागवायचं. ३ लाख कुणीतरी एखाद्या वाड्याच्या डागडुजीसाठीच दिलेले असतील. मोकळा राहिला १ लाख. आमच्या संस्थेत एका वर्षी बँकेत भरपूर पैसे होते आणि त्या मुलाचा मार्चचा पगार मी खिशातून उचल म्हणून दिला होता. दोन्ही खरं होतं. मग आय-व्यय पत्रकात पगाराची ओळ शोधा. तीच सापडली नाही आणि मंडप, छपाई, सत्कार एवढंच दिसलं, तर ती उत्सव समिती आहे. उत्सवाला द्यायचे तर खुशाल द्या, पण मग ११०० रुपये पुरे.

पगाराची ओळ असेल तर माझं मत द्यावेत असं आहे. चेकने द्या; २ हजारांवरच्या रोख देणगीला आयकरातली वजावट मिळत नाही. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर ती वजावट तशीही नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ म्हणून कुणी गळ घालत असेल तर त्याला हसून चहा पाजा. पावतीवर ‘कायम निधी’ लिहू देऊ नका. ‘सर्वसाधारण निधी’ लिहायला सांगा, म्हणजे पैसा पगाराला वापरता येतो. आमच्या सहा वर्षांत असं आपणहून सांगणारे दोनच देणगीदार भेटले. बाकी सगळ्यांना कोनशिला हवी होती.

आणि द्यायच्या आधी तुमच्या भाडेकरूला एक फोन करा. संस्थेबद्दल त्याचं मत विचारू नका, तो भीडेपोटी चांगलंच बोलेल. चेंबर तुंबलं की तो कुणाला फोन करतो, एवढंच विचारा. आमच्या वेळी भांडी बाजारात अध्यक्षांचं नाव पटकन कुणाला आठवायचं नाही, पण त्या मुलाचा नंबर कितीतरी दुकानांत पैशाच्या गल्ल्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता.