देवाने क्षमा केली, तरी माझं मन मला का खातं?

सलाम. तुम्ही विचारलंय की हातून एक वाईट गोष्ट घडली, रोज प्रार्थना करता, देवाने क्षमा केली असं सगळे सांगतात, तरी मन खातच राहतं. ख्रिस्ती विश्वासात यातून सुटायची वाट आहे का? काय घडलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. अजून कुणाजवळ बोललेलाही नाहीत, असं म्हणता. मी माझं सांगतो.

मी मिरजेचा. आजोबा मिशनच्या वॉन्लेस हॉस्पिटलमध्ये कामाला होते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये ते सुरू केलं, आणि तिथल्या माणसांनी चोख वागून जे नाव कमावलं ते आम्हा पुढच्यांना आयतं मिळालं. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मला दिवाणजीचं काम मिळालं, ते त्याच नावावर. शेठजी म्हणाले होते, "मिशनातला माणूस आहे, वहीत खोट करणार नाही."

2010 मध्ये हळदीला कधी नव्हे तो भाव आला होता. कडेगावकडचे एक म्हातारे शेतकरी माल घेऊन आले. त्यांना वाचता येत नव्हतं. खरेदीदाराच्या बिलात मी पूर्ण वजन धरलं आणि त्यांच्या पट्टीत 38 किलो कमी लिहिले. मधले साडेचार हजार रुपये मी घेतले. त्यांनी अंगठा उठवला, पैसे कोपरीच्या खिशात घातले आणि जाताना "येतो बरं का, साहेब" म्हणाले. ते वाक्य अकरा वर्षं माझ्या कानात होतं.

या अकरा वर्षांत माझी उपासना चुकली नाही. प्रभुभोजनाआधी सगळी मंडळी मिळून पापांगीकार म्हणते, तो मीही म्हणायचो. पण त्यात शब्द असतो "आम्ही". आम्ही पाप केलं आहे. त्या "आम्ही"च्या आड मी दर वेळी लपून बाहेर पडायचो आणि घरी येईपर्यंत पुन्हा तसाच. मला वाटतं, तुमचंही इथेच अडलं असेल. देवाला सगळं ठाऊक आहे म्हणून आपण त्याच्याशीसुद्धा मोघम बोलतो.

शेवटी एका शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो आणि किलोसकट सांगितलं. ते डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी विचारलं, "त्यांचं गाव कोणतं?" मग बायबलातल्या गणना या पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून दाखवला. पाप कबूल करायचं, घेतलेलं पुरतं परत करायचं, वर पाचवा हिस्सा घालायचा आणि ज्याचा अपराध केला त्याला ते द्यायचं, असं तिथे स्पष्ट आहे.

मी म्हटलं, म्हणजे पैसे फेडले की क्षमा मिळते? ते म्हणाले, जक्कयाची गोष्ट नीट वाच. लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू त्या जकातदाराला झाडावर बसलेला पाहतो, नावाने हाक मारतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो. लोक कुरकुर करतात. त्यानंतर जक्कय उभा राहून म्हणतो की ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो. आधी प्रभू घरात आला, पैशांचं नंतर निघालं. मी अकरा वर्षं उलटं धरून बसलो होतो. आधी मी पुरता शुद्ध होईन, पुरेसा झुरेन, मग तो येईल. झुरण्याने त्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात एक रुपयाही गेला नव्हता.

चौपट देण्याची माझी तयारी झाली नाही. नऊ हजार घेऊन गेलो. ते म्हातारे आबा दोन वर्षांपूर्वीच वारले होते. त्यांचा मुलगा ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने पैसे मोजले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "अजून कुणाकुणाचं खाल्लंय तुम्ही?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. पाळकसाहेबांनाही मी हे सांगितलेलं नव्हतं. पण उत्तर दिलं. दोघांचं. त्याने चहा विचारला नाही, मीही थांबलो नाही. त्याने मला माफ केलं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. ते त्याच्यावर आहे, आणि त्याच्याकडून ते मागायला मी पुन्हा गेलो नाही. तुम्ही कुणाकडे गेलात तर हे धरून जा.

त्या दोघांतला एक सापडला. दुसऱ्याचं नाव आठवत नाही, जुन्या वह्या दुकानात राहिल्या नाहीत. त्याच पाचव्या अध्यायात पुढे म्हटलंय की घ्यायला कोणी आप्त उरला नसेल तर ते परमेश्वराचं. ती रक्कम मी अर्पणात टाकली.

एक सावधगिरी मात्र सांगतो. तुमची गोष्ट पैशांची नसून घरातली असेल आणि तुम्ही जाऊन सांगितल्याने समोरच्याचंच आयुष्य विस्कटणार असेल, तर आधी पाळकांशी बोला. आपलं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या डोक्यावर ते टाकायचं नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यहूदा आणि पेत्र हे येशूचे शिष्य. येशूला अटक झाली त्या रात्री यहूदाने त्याला तीस नाण्यांसाठी धरून दिलं, पेत्राने त्याला ओळखत नाही म्हटलं. दोघंही चुकले, दोघांनाही पस्तावा झाला. यहूदाने तर ती नाणीसुद्धा परत नेली. पण नेली याजकांकडे, आणि ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तिथून तो एकटाच गेला आणि त्याने गळफास घेतला. पेत्र ढसाढसा रडला, पण बाकीच्या शिष्यांमध्ये राहिला. पेत्राने प्रभूला नाकारलं ते कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत असताना. पुनरुत्थानानंतर तिबिर्या समुद्राच्या काठावर येशूने पुन्हा कोळशांचा विस्तव पेटवलेला असतो. तीन वेळा नाकारणाऱ्याला तो तीन वेळा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. त्या रात्रीचं नाव प्रभू काढत नाही, पण पेत्राला त्या विस्तवापाशी नेतो, आणि लगेच काम देतो: माझी कोकरे चार, म्हणजे माझी माणसं सांभाळ.

तुम्ही लिहिलंय की कधीकधी जगावंसं वाटत नाही. हे वाचून मी थांबलो. कृपा करून आजच कुणाला तरी सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं मुळीच नाही. मिरजेच्या ख्रिस्ती माणसाला तर हे वेगळं सांगावं लागू नये.

मला आबांचं ते वाक्य अजून ऐकू येतं. हळदीचा वास आला की हमखास येतं. पण आता ते ऐकून मी लपत नाही. गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी मला उपासनेनंतर अर्पण मोजायला बोलावलं. दोनदा मी नको म्हटलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी थैली माझ्यापुढे ठेवली, समोर मंडळीतले दुसरे एक वडीलधारे बसले, आणि मी मोजायला घेतलं. आकडा मी मोठ्याने म्हणतो, ते लिहितात.