ओवी थांबली, हात फिरत राहिला

नमस्कार ताई,

सांगलीहून आलेलं तुमचं पत्र वाचलं, सोबतचा सात मिनिटांचा व्हिडिओही पाहिला. लेक यंदा बारावीला, कला शाखेत. नऊ वर्षं भरतनाट्यम, विशारद झालेली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या घेऊन तिने गॅदरिंगला स्वतःच एक प्रयोग बसवला, तर परीक्षक म्हणाले, ‘हे ना धड नृत्य, ना धड नाटक.’ तिला आता नेमकं हेच करायचंय. वडील म्हणतात, आधी बी.ए., बी.एड. कर, नाच काय रविवारीही होतो. आणि तुम्ही विचारता, सिनेमाची गाणी बसवण्यापलीकडे कोरिओग्राफरला काही काम असतं का, ते शिकायचं कुठे आणि पोट कसं भरायचं.

आधी व्हिडिओ. पहिली चार मिनिटं मला फारशी आवडली नाहीत, तिला स्पष्ट सांगा. ओवीत पाखरू आलं की हाताचं पाखरू, चंद्र आला की चंद्र, माहेरची वाट आली की वाट. शब्दाने सांगून झालेलं हात पुन्हा सांगतात. पाचव्या मिनिटाला मात्र ती खुंटा धरून बसते, ओवी मधेच तुटते आणि हात फिरतच राहतो. गाणं नाही, चेहऱ्यावर काही नाही, नुसता उजवा खांदा चाललाय. मग डावा हात जात्यात दाण्यांची वैरण घालायला जातो आणि मूठ रिकामी असते. एवढा तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. ती बाई कुणासाठी दळतेय, घरात दाणा का नाही, हे ओवीत कुठेच नाही. ते तिने अंगाने लिहिलंय.

कोरिओग्राफरचं काम हेच. शब्द, अभिनय आणि नाच एकाच वेळी एकच गोष्ट सांगायला लागले तर त्यातले दोन फुकट जातात. कुणी कधी बोलायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे त्याने ठरवायचं. १९७२ चं ‘घाशीराम कोतवाल’ घ्या. लेखन तेंडुलकरांचं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं, हे लोकांना पाठ असतं. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची, हे नाव मात्र चटकन कुणाच्या तोंडी येत नाही. त्या नाटकात बामणांची रांग गाते, डुलते. पाठ फिरवली की तिचीच भिंत होते, बाजूला सरली की वाट मोकळी. संहिता नुसती वाचली तर त्यातली दहशत निम्मीच हाती लागते, असं माझं मत आहे.

कॅनडाची कोरिओग्राफर क्रिस्टल पाइट उलट्या बाजूने जाते. रशियन लेखक गोगोलच्या ज्या नाटकावरून पुलंनी ‘अंमलदार’ केलं, त्याच नाटकावर तिने २०१९ मध्ये नाटककार जोनाथन यंगबरोबर ‘रिव्हायझर’ केलं. संवाद नटांच्या आवाजात आधीच ध्वनिमुद्रित. नर्तक त्यावर ओठ हलवतात आणि एकेक शब्द अख्ख्या अंगातून काढतात. पुढे नाटकी पोशाख उतरतात आणि तेच प्रसंग साध्या कपड्यांत पुन्हा येतात. त्याच्या क्लिप ऑनलाइन सापडतात, लेकीबरोबर तुम्हीही बघा.

आणि ‘ना धड हे, ना धड ते’चं फार मनावर घेऊ नका. तुमच्याच गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं त्यावर आपापल्या मनचं बोलायची. त्यालाही असले परीक्षक लाभले असते तर कठीण होतं!

आता शिक्षण. ‘कोरिओग्राफी’ असं नाव असलेल्या सहा महिन्यांच्या कोर्सच्या मागे लागू नका. एका मुलाला मी पूर्वी तसा सल्ला दिला होता. प्रमाणपत्र आलं, पण त्याच्या अंगात एकही शैली मुरली नाही. तुमच्या मुलीच्या अंगात एक शैली आहे, तीच पक्की होऊ द्या. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्यात बी.ए. होतं. मी ते आधी सुचवतो, कारण संगीत आणि नाटकाची मुलंही त्याच केंद्रात शिकतात. तालमीला माणसं शोधत हिंडावं लागत नाही. मुंबईत जुहूला कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. तिथलं शिक्षण उत्तम, मात्र मुंबईत राहायचा खर्च धरून चाला. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला पदवी लागते, त्यामुळे तो विचार तीन वर्षांनी.

शिवाय वाचन. रोजचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या वाचायला आणि दळणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. तिचा विषय ठरलेलाच आहे, तर हे तिचं पाठ्यपुस्तक समजा.

पैशाचं गोड बोलत नाही. पहिली पाच-सात वर्षं क्लास घेणं, शाळांची स्नेहसंमेलनं, दुसऱ्यांच्या नाटकांच्या हालचाली बसवणं, यावरच भागवावं लागतं. वडिलांची काळजी रास्त आहे, त्यांच्याशी भांडू नका. त्यांना सांगा की केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची सीसीआरटी या त्याच्याच प्रशिक्षण संस्थेमार्फत तरुण कलाकारांना शिष्यवृत्ती असते: वय १८ ते २५, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. यंदाची जाहिरात आणि अटी मात्र स्वतः तपासा.

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती उद्या एखाद्या कवितेवर काम करेल. आपल्याकडे कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. तोवर वारसांची लेखी परवानगी हवी. तिची स्वतःची नृत्यरचनाही कायद्याने ‘नाट्यकृती’त मोडते, पण ती लिहून किंवा दुसऱ्या कुठल्या रीतीने नोंदवलेली असेल तरच. म्हणून प्रत्येक प्रयोगाची वही ठेवायला लावा आणि तारखेसह चित्रीकरण करा.

प्रवेश परीक्षेला अवकाश आहे. तोवर तिला एक काम द्या. रिकाम्या मुठीचे ते वीस सेकंद वाढवून तीन मिनिटांचे करायचे, ओवी न गाता. मग आजीला समोर बसवून दाखवायचे. आजी जिथे ‘अगं, असं नाही दळत’ म्हणेल ती जागा वहीत लिहायची, आणि तो व्हिडिओ मला पाठवायचा.