तीन वर्षांनी छोटा धंदा विकायचा आहे. घेणाऱ्याला तो घ्यावासा वाटावा म्हणून आतापासून काय करू?

तीन वर्षं हातात आहेत हे बरं आहे, कारण घेणारा साधारण मागच्या तीन वर्षांचेच हिशेब मागतो. म्हणजे तो जी वर्षं तपासणार ती आजपासून सुरू झाली.

छोट्या धंद्याची किंमत बहुधा वार्षिक नफ्याच्या काही पटीत ठरते. समजा तिप्पट ठरली, तर खर्चात दडवलेला नफ्याचा प्रत्येक रुपया विकताना तीन रुपयांना पडतो. घरची गाडी, घरच्यांचे फोन, सहली धंद्याच्या खात्यातून आजच बाहेर काढा. उलट बाजूही बघा. तुम्ही पगार घेत नसाल, तर घेणारा तुमच्या जागी ठेवावा लागणाऱ्या मॅनेजरचा पगार नफ्यातून वजा करणारच. जागा तुमचीच असेल तर तिचं भाडंही. हे दोन आकडे वजा करून उरतो तो खरा नफा. पुष्कळांचा हिरमोड इथेच होतो.

पण भाव सगळ्यात जास्त पडतो तो मालकावाचून पान हलत नसेल तर. गिऱ्हाईकांचे फोन तुमच्या खासगी मोबाईलवर येतात का? उधारी कुणाला द्यायची, माल कधी मागवायचा, हे कुठे लिहिलेलं आहे का? यात शेवटपर्यंत मालकाच्या हातून सुटत नाही ते दर ठरवणं. त्यासाठी एक शीट करा: कच्च्या मालाचा खर्च, मजुरी, वाया जाणारा भाग, वरखर्च आणि त्याखाली किमान नफा. किती टक्क्यांपर्यंतची सूट माणसाने न विचारता द्यायची तेही ठरवून द्या. सुरुवातीला एखादं काम कमी दरात जाईल. शीट दुरुस्त करा, अधिकार काढून घेऊ नका. मग सलग तीन आठवडे बाजूला व्हा. परत आल्यावर जे तुंबलेलं दिसेल तीच तुमची पुढची कामांची यादी.

एकाच गिऱ्हाईकाकडून विक्रीचा पाव हिस्सा येत असेल तर घेणारा बिचकतो, किंवा पैशांचा काही भाग ‘ते गिऱ्हाईक टिकलं तर’ या अटीवर मागे ठेवतो. त्याला तोडायचं नाही, बाकीची विक्री वाढवायची.

कागदपत्रांत भाडेकरार आणि मोठे करार नीट वाचा. धंद्याचा मालक बदलल्यास करार रद्द, किंवा आधी परवानगी हवी, असं कलम बऱ्याचदा असतं आणि ऐन वेळी सौदा तिथेच अडकतो. नूतनीकरणाच्या वेळी ते बदलून घ्या. ट्रेडमार्क, डोमेन, फोन नंबर कुणा भाच्याच्या नावावर असतील (असतातच!) तर धंद्याच्या नावावर करा.

शेवटच्या वर्षी येणी घाईने वसूल करून, देणी थकवून, मशिनची देखभाल टाळून खात्यात पैसे दाखवायचा मोह होतो. उपयोग नाही. घेणारा बारा महिन्यांचं सरासरी खेळतं भांडवल (माल आणि येणी, वजा देणी) काढतो आणि सौद्याच्या वेळी त्याहून जेवढं कमी पडेल तेवढी रक्कम किमतीतून कापतो. पडून असलेला माल मात्र आत्ताच निकाली काढा. त्याची पुस्तकी किंमत कुणीच देत नाही.