मिटवलं म्हणजे मिटलं का?

गप्प बसलेलं गाव म्हणजे शांत गाव, हा एकच समज बहुतेक पत्रांत आहे. म्हणून ही उत्तरं.

प्रश्न (परभणी): सणाआधी ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तेवढं पुरतं का?
उत्तर: मिरवणुकीपुरतं पुरतं.

प्रश्न (जालना जिल्हा): पुतण्याला मारहाण झाली, अ‍ॅट्रॉसिटी दाखल आहे. सरपंच आणि पाहुणे म्हणतात, गावाच्या शांततेसाठी पाचशेच्या बाँडवर मिटवून टाका.
उत्तर: सही करू नका. अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या 1989 च्या या कायद्यातले गुन्हे आपसांत मिटवता येत नाहीत. उच्च न्यायालय कधी कधी खटला रद्द करतं, पण ते त्याच्या अखत्यारीत, सरपंचाच्या नव्हे. बाँडवरच्या सहीने खटला संपत नाही, फिर्यादीची बाजू मात्र लुळी पडते.

शांततेची घाई कुणाला आहे, ते आधी बघा. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये यादवी थांबवायला 1999 साली असाच घाईचा लोमे करार झाला. बंडखोरांना सरसकट माफी, वर त्यांचा म्होरक्या फोडे सांकोह खनिजसंपत्तीच्या आयोगाचा अध्यक्ष. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! वर्ष सरायच्या आत त्याच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांचे शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले. बंडखोरांनी ज्यांचे हात तोडले होते, त्यांची देशातल्या कोर्टाची वाट त्या माफीने अडवली. मोठ्या करारांत होतं तेच पारावर होतं: मार खाल्लेल्याला शेवटी विचारतात, तेही सहीपुरतं.

दबाव, धमक्या तारखेसह लिहून ठेवा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम 15-अ खाली पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण मागता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. ‘दिवाळीनंतर बघू’ नको, या आठवड्यात जा.

प्रश्न (लातूर): दक्षिण आफ्रिकेत सगळ्यांना माफ केलं म्हणून शांतता आली, असा मेसेज फिरतोय.
उत्तर: खोटा आहे. वर्णद्वेषी राजवट संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगाकडे माफीसाठी 7112 अर्ज आले, 849 मंजूर झाले. तेही राजकीय गुन्ह्यांना आणि पूर्ण कबुली दिल्यावरच. ज्यांना माफी मिळाली नाही त्यांच्यातल्या फार थोड्यांवर पुढे खटले चालले, ही दुखरी बाजू फॉरवर्डमध्ये कधीच नसते.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद नामविस्ताराने मिटला ना?
उत्तर: ठराव 1978 चा, नामविस्तार 14 जानेवारी 1994 चा. पाटीवरचा वाद मिटला. मधल्या काळात ज्यांची घरं जळाली, त्यांचं उत्तर मी कसं देऊ? त्यांनाच विचारा.

प्रश्न (नांदेड): दोन दिवसांत ‘शांतिदूत’ प्रमाणपत्र देणारं शिबिर आहे. फी भरू का?
उत्तर: नको. न्यायालयातल्या मध्यस्थालाही 40 तासांचं प्रशिक्षण लागतं. खरंच शिकायचं असेल तर जिल्हा न्यायालयातल्या मध्यस्थी केंद्रात चौकशी करा.