महामार्गावर लेन बदलताना आणि सर्व्हिस रोडवरून आत शिरताना आधी कोणी जायचं?

तुम्ही लिहिलंय की गाडी पुण्यात शिकलात, आता अधूनमधून जळगावला गाडीनेच येता, आणि सर्व्हिस रोडवरून हायवेला लागताना मागचे लोक हॉर्न वाजवून नको जीव करतात. इथवर ठीक. पण शेवटी लिहिलंय, ‘काका म्हणतात नाक घालून द्यायचं, बाकीचे आपोआप थांबतात.’ त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. धुळ्यात आमच्या घरी हेच वाक्य मी बरीच वर्षं ऐकतेय.

आधी तुमचं उत्तर देऊन टाकते. मुख्य रस्त्यावर जो आधीपासून चालतोय, त्याचा हक्क पहिला. शिरणाऱ्याने थांबायचं. लेन बदलतानाही तेच. ज्या लेनमध्ये जायचंय तिथल्या माणसाला तुमच्यामुळे ब्रेक दाबावा लागला, तर चूक तुमची. इंडिकेटर लावला म्हणजे जागा मिळाली असं लोक समजतात. इंडिकेटर म्हणजे नुसता अर्ज, मंजुरी मागच्याने द्यायची असते.

आता आमचे जेठ. घरात सगळे त्यांना नाना म्हणतात. माणूस हौशी, मनाने मोठा, आणि दहावीच्या आधीपासून ट्रॅक्टर चालवतोय, त्यामुळे गाडीतलं आपल्याला कोणी शिकवू नये असं ठाम मत. एरंडोलला नात्यातलं लग्न होतं. नानांची गाडी गॅरेजला, माझा नवरा आहेराचं सामान घेऊन पुढे गेलेला. म्हणून नाना, जाऊबाई आणि सासूबाई माझ्या गाडीत. नाना अर्थातच पुढे बसले.

पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. तिथून निघून सर्व्हिस रोडने हायवेच्या तोंडाशी आलो. तो रस्ता तुम्हाला माहीत असेल. जुना सहा नंबर, आता ५३. तिकडे हजिरा बंदरापासून निघतो तो थेट ओडिशात पारादीपला जातो, म्हणजे सुरतेकडचा अर्धा माल आमच्या दारावरून जातो. पुस्तकात दाखवतात तशी वेग पकडायला लांबलचक मोकळी पट्टी तिथे नव्हती. सर्व्हिस रोड संपतो आणि दहा-पंधरा पावलांत तुम्ही डाव्या लेनमध्ये. उजव्या आरशात लोखंडी कॉइल लादलेला ट्रेलर, त्याच्या मागे दोन ट्रक, आणि त्यांना ओव्हरटेक करत उजव्या लेनने एक ट्रॅव्हल्स.

मी थांबले. इंडिकेटर चालू, पाय ब्रेकवर.

नाना म्हणाले, ‘‘घाल ना आते, तो थांबी जाई.’’

मी म्हटलं, ‘‘नाना, तो लोड आहे.’’

‘‘अगं थांबतात सगळे. आपण नाक घातलं की थांबतात.’’

इथे जरा हिशोब सांगते, कारण नानांना तो मांडवात सांगायची सोय नव्हती. ताशी ६० ने येणारा ट्रेलर सेकंदाला साधारण १७ मीटर येतो. चार माणसं भरलेली माझी गाडी उभ्या जागेवरून ६० ला पोचायला दहा सेकंद तरी घेते. तेवढ्यात तो १७० मीटर पुढे सरकतो आणि मी जेमतेम ८५. म्हणजे निघताना आमच्यात शंभर मीटरच्या वर अंतर नसेल तर तो माझ्या डिकीत येणार. मागून कार ताशी १०० ने येत असेल तर दोनशे मीटरही कमी पडतात, आणि चौपदरीवर कारला १०० ची परवानगीच आहे. आरशात गाडी ‘लांब’ दिसते म्हणून लोक निघतात. ती किती वेगाने येतेय हे आरशात एका नजरेत कळत नाही, दोन-तीन सेकंद तिच्याकडे पाहत राहावं लागतं. मी तेवढंच करत होते.

तेवढ्यात मागच्या पिकअपवाल्याचा धीर सुटला. त्याने माझ्या उजवीकडून गाडी काढली आणि ट्रेलरच्या तोंडापुढे कट मारून शिरला. ट्रेलरने करकचून ब्रेक दाबले. टायरचा धूर निघाला, साखळ्या खणाणल्या. मागचा ट्रक उजव्या लेनकडे झुकला, ट्रॅव्हल्सवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. सासूबाईंनी डोळे मिटून सप्तशृंगीचं नाव घेतलं. काही झालं नाही. सगळे आपापल्या वाटेने गेले.

आणि नाना म्हणतात कसे, ‘‘पाहिलंस? गेला ना तो?’’

तो गेला, कारण ट्रेलरच्या ड्रायव्हरचं लक्ष होतं, ब्रेक चांगले होते आणि कॉइल घट्ट बांधलेली होती. पिकअपवाल्याचं त्यात कर्तृत्व काय? तो घरी जाऊन सांगणार, नाक घातलं की थांबतात. तुमच्या काकांचा अनुभवही असाच तयार झालेला असणार. दुसऱ्यांनी वाचवलेल्या सगळ्या वेळा त्यांनी आपल्या खात्यावर जमा केल्यात.

पुढे मोकळी जागा मिळाली, मी निघाले. लग्नात पोचलो तर नानांनी मांडवभर सांगितलं की हिने हायवेच्या तोंडावर गाडी उभी करून ठेवली, नाहीतर सीमांतपूजन सापडलं असतं. पंगतीत वरण-बट्टी वाढताना एका मामेसासऱ्यांनी मला विचारलं, ‘‘काय सूनबाई, बट्टी घ्यायला इंडिकेटर लावू का?’’ सगळे हसले. मीही हसले, बायकांना हसावंच लागतं. नवरदेवाची वरात मात्र बँडपुढे नाचण्यात इतकी रेंगाळली की अक्षता पडायला ऊन कलायला लागलं होतं. त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

याच नानांची दुसरी बाजू सांगते, कारण तुमच्या प्रश्नात सौजन्याबद्दलही आहे. स्वतः गाडी चालवताना नाना फार माणुसकीचे. कापसाने भरलेली ट्रॉली शेतरस्त्यावरून हायवेला यायला थांबलेली दिसली की नाना चालत्या डाव्या लेनमध्ये गाडी उभी करतात आणि काचेतून हात काढून म्हणतात, ‘ये भो, ये.’ ट्रॅक्टरवाला खूश. मागून ८० ने येणाऱ्याने काय करायचं? त्याला समोर ट्रॅक्टर दिसत नाही, फक्त विनाकारण थांबलेली गाडी दिसते. हायवेवर थांबून साइड देणं मला मुळीच मान्य नाही. फारच वाटलं तर लांबून पाहा, उजवी लेन मोकळी असेल तर वेळेवर तिकडे सरका, डावी आपोआप त्याला मिळते. किंवा नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. त्याला जागा होते, मागच्याला धक्का बसत नाही. आणि हात दाखवू नका. तुमच्या हातावर भरवसा ठेवून तो निघतो, पण शेजारच्या लेनमधला तुमच्या हुकमातला नसतो.

लेन बदलण्याबद्दल बाकीचं तुम्हाला शिकवलेलं असेलच. आमच्याकडचं एक सांगते, ते पुण्यात शिकवत नाहीत. जुन्या दुपदरी रस्त्यावर ट्रकवाल्यांची एक बोली आहे: डावा इंडिकेटर म्हणजे ‘जा पुढे’, उजवा म्हणजे ‘थांब, समोरून येतंय’. काही ड्रायव्हर नेमकं उलट करतात. चौपदरीवर ही बोली पूर्ण विसरा. तिथे उजवा इंडिकेटर दिसला तर तो उजवीकडे येतोय असंच धरा, कारण पुढे डिव्हायडरला कट असतो आणि त्याला धाब्यावर वळायचं असतं. ट्रक उजव्या लेनला चिकटून का चालतात म्हणून चिडणारे पुष्कळ आहेत. नियमाने डावीकडेच चालायला हवं. पण डाव्या लेनमध्ये उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, उभा टँकर आणि बैलगाडी असते, हे त्यालाही माहीत आहे. म्हणून त्याच्या डावीकडून घुसू नका. ट्रक ड्रायव्हर उजवीकडे बसतो, डावीकडची बरीच जागा त्याला दिसतच नाही. त्याच्या आरशात त्याचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर तुम्ही त्याच्यासाठी नाहीच. ओव्हरटेक करून परत डावीकडे येताना आतल्या आरशात त्याचे दोन्ही हेडलाइट दिसेपर्यंत दम धरा.

समृद्धी महामार्गावर गेलात तर मात्र मी वर सांगितलेलं थांबणं जसंच्या तसं नेऊ नका. संभाजीनगरजवळ सावंगीला चढलात तर पुढे वेग पकडायला खरी लांब पट्टी मिळते. तिच्यावरच वेग वाढवून मुख्य लेनच्या वेगाला या आणि मग मिसळा. तिथे कारला १२० पर्यंत परवानगी आहे. पट्टीच्या टोकाशी जाऊन उभं राहणं म्हणजे शून्यापासून सुरुवात करणं, आणि मागून येणारा सेकंदाला ३३ मीटर येतोय.

जळगाव शहरातही हे चालत नाही, हेही कबूल. अजिंठा चौफुलीला किंवा आकाशवाणी चौकात नियमाने थांबाल तर संध्याकाळ होईल. तिथे वेग कमी असतो, सगळे एकमेकांच्या डोळ्यात बघून चालवतात. एक गाडी इकडची, एक तिकडची, असं सोडत गेलं की जमतं. टोलनाक्याच्या पुढे, जिथे सगळ्या खिडक्यांच्या रांगा परत दोन लेनमध्ये येतात, तिथेही हेच. नानांची रीत अशा जागी खपून जाते, म्हणून ती सगळीकडे खपते असं त्यांना वाटतं.

हॉर्नचं काय करायचं विचारलंत. काही नाही. वाजू द्या. काका शेजारी असतील तर त्यांना मागे बसवा. आमच्याकडे आता जाऊबाई पुढे बसतात, त्यांना झोप लागते.

आणि दिवाळीनंतर, कापूस आणि उसाच्या दिवसांत, रात्री येत असाल तर पारोळा-एरंडोलच्या पट्ट्यात टेललाइट नसलेल्या ट्रॉल्या डाव्या लेनमध्येच असतात. तिथे लेन बदलायला तीन सेकंदही मिळत नाहीत. मी रात्री तिथे ६० च्या वर जात नाही. मागून कोणी डिपर मारला तर मारू दे, त्याला उजवी लेन मोकळी आहे.