आईला बिनखिडकीची केबिन दिली, पुन्हा तीच देईन

तुम्ही सहा जण. आई-बाबा, तुम्ही दोघं, आठ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. क्रूझवर केबिन कशा घ्यायच्या आणि वरच्या बर्थवर कोणी झोपायचं, हा तुमचा प्रश्न. दोन केबिन घ्या, तिघं-तिघं, समोरासमोर. लहानी तुमच्याजवळ, मोठा आजी-आजोबांजवळ आणि वर तोच. एवढ्यात भागलं असतं, पण शेवटी तुम्ही विचारलंय की आई-बाबांना आतली, बिनखिडकीची केबिन दिली तर बरं दिसेल का. म्हणून लिहायला बसलो.

माझं यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कृषी केंद्र आहे. बियाण्याच्या एका कंपनीच्या स्कीममध्ये मुंबई-गोवा जहाजाचं दोघांचं बाल्कनीचं तिकीट बसलं. आईनं समुद्र पाहिलेला नव्हता, म्हणून तिचे आणि पोरांचे पैसे मी खिशातून भरले. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेसनं गेलो. बाल्कनीच्या केबिनमध्ये आम्ही दोघं, सोफ्याचा पलंग होतो त्यावर मुलगी. समोरच्या आतल्या केबिनमध्ये आई आणि मुलगा.

परत आल्यावर एका लग्नात, जेवणाच्या पंगतीत, आमचे दादा चार लोकांत म्हणाले, "बुढीले कोठडीत टाकलं अन् सोता बाल्कनीत बसून चहा पेला." दादा नागपूरला असतात. तिकिटात त्यांचा एक रुपया नव्हता.

आता त्या कोठडीत काय होतं ते ऐका. खाली दोन सुटे पलंग. जोडले की डबल बेड होतो, वेगळे करा म्हटलं की स्टुअर्ड, म्हणजे खोली आवरणारा माणूस, वेगळे करून देतो. आईच्या गुडघ्यांना तीच उंची पाहिजे होती. आमच्याकडचा सोफा उघडला की इतका खाली जायचा, की तिथून तिला उठवायला दोन माणसं लागली असती. शिवाय ती आठला झोपते आणि चारला उठते. आमची पोट्टी अकरापर्यंत टीव्ही पाहतात.

आणि संडास. जहाजावरचा संडास हवेच्या ओढीनं चालतो. बटन दाबलं की असा आवाज होतो, की पहिल्या वेळी आई तशीच बाहेर पळत आली. बाथरूमला उंबरठाही असतो, चांगला चार बोटं उंच. रात्री दोनदा उठणारं माणूस आणि झोपेतून दचकून रडणारी चार वर्षांची पोरगी एका खोलीत ठेवून पाहा, मग माणुसकीच्या गोष्टी करू. आतली केबिन रात्री अगदी ठार काळोखी असते हे खरं. बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार बोटभर उघडं ठेवलं की झालं.

वरच्या बर्थचं सांगतो. दिवसा तो भिंतीत नाहीतर छतात मिटलेला असतो. संध्याकाळी स्टुअर्ड येऊन उघडतो, शिडी अडकवतो. मुलाला तिथंच झोपायचं होतं. कठडा होता, पण आईचा कठड्यावर विश्वास नाही. "पोट्टं पडीन ना रे," म्हणत तिनं कपाटातली लाइफ जॅकेटं काढली आणि शिडीखाली अंथरली, वरून तिची गोधडी. सकाळी स्टुअर्डनं ती नारिंगी गादी पाहिली, न हसता जॅकेटं झटकून कपाटात ठेवली आणि हिंदीत समजावलं, "माताजी, ये पहनने का है." रात्री तिनं पुन्हा अंथरली. पोरगा काही पडला नाही.

दिवसभर ती आमच्याच बाल्कनीत होती. पाण्याकडे पाहत, हातात जपमाळ, तिथंच चहा, तिथंच डुलकी. जागेपणी बाल्कनी सगळ्यांचीच असते. हे दादांना सांगून झालं. बहिणीकडून सांगवून झालं. आईनं स्वतः सांगितलं, "मले तेथं मस्त झोप लागली." तरी ते म्हणतात, तिला मी शिकवून ठेवलं. ज्यानं पैसे दिले नाहीत आणि रात्री उठून कोणाला बाथरूमपर्यंत धरून नेलं नाही, त्यानं खिडकीवर बोलू नये, असं माझं मत आहे. तुमच्याकडेही असा एखादा दादा असेलच.

"एकच केबिन घेऊ, दोघं खाली अंथरून झोपतील," असं आपल्याकडे कोणीतरी म्हणतंच. ते विसरा. टायटॅनिक १९१२ मध्ये बुडालं, १९१४ मध्ये जहाजांच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि आज लाइफबोटी-तराफ्यांत सगळ्यांना जागा पुरलीच पाहिजे हा नियमच आहे. म्हणून माणसं मोजूनच घेतात आणि कडेवरचं पोरही एक धरतात. चौघांच्या केबिनमध्ये पाचवा बसत नाही. पैशाचं म्हणाल तर केबिनमधल्या पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण, तिसऱ्या-चौथ्याचं बहुतेक ठिकाणी कमी. त्यामुळे तिघं-तिघं फार महाग पडत नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. सहा वर्षांखालच्या पोराला बऱ्याच कंपन्या वरच्या बर्थवर झोपू देत नाहीत, तेव्हा तुमची मुलगी कितीही रडली तरी ती खालीच. सगळे पलंग सुटे होतातच असं नाही, बुकिंग करतानाच विचारा. मळमळ होणारं कोणी असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, तिथं हेलकावे कमी. डोक्यावर स्विमिंग पूल नाहीतर जेवणाचा हॉल आला तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज. तुमच्या बाबांना उघडी हवा लागत असेल, बंद खोलीत जीव घाबरत असेल, तर माझं सगळं सोडा आणि त्यांना बाल्कनी द्या.

आणि स्वस्तातलं 'गॅरंटी' भाडं घेऊ नका. त्यात केबिनचा नंबर कंपनी ठरवते, एक केबिन पुढच्या टोकाला आणि दुसरी मागच्या टोकाला येऊ शकते. दादा यंदा दिवाळीनंतर जायचं म्हणतात. त्यांना अजून हे सांगितलेलं नाही. विचारलं तर सांगीन.